लक्ष्मीला निरोप देताना

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याच्या पाठीला बोटे लावायची, ती कपाळाला टेकवायची आणि मग देवाकडे जायचे, हे आपल्याला आईने लहानपणीच शिकवलेले असते. कासव म्हणजे शुभ, हे मनात अगदी पक्के बसलेले. त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळीत आमच्या वन्सं पुण्याहून आल्या आणि त्यांनी बुटांचे एक खोके हळूच ओट्यावर ठेवले, तेव्हा आत काय आहे ते पाहून मला आधी आनंदच झाला. खोटे कशाला सांगू?

आत दोन कासवे होती. काळपट पाठ आणि तिच्यावर रांगोळीत काढाव्यात तशा पिवळ्या रेघांच्या चांदण्या. आठ वर्षांपूर्वी नवा फ्लॅट घेतला तेव्हा कुणीतरी वन्संना सांगितले होते की, घरात जिवंत कासव असले की पैसा टिकतो. मग एका दुकानातून, मागच्या दाराने, ही जोडी घरात आली. नावे ठेवली लक्ष्मी आणि कुबेर. आता वन्संच्या यजमानांची बदली दिल्लीला झाली होती.

"वहिनी, तुमच्याकडे अंगण आहे. आमच्याकडे बिचाऱ्यांनी आठ वर्षं फरशीवर काढली. आता तुमच्याकडे मोकळी राहू देत," वन्सं म्हणाल्या.

त्यांचा हेतू किती चांगला! आणि माझाही. पण मैत्रिणींनो, नुसत्या चांगल्या हेतूने कासव जगत नाही. हा धडा मी पूर्वी एकदा शिकले होते, तोही एका जिवाच्या मोलाने.

बारवेतली चूक

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. गावच्या जत्रेत एक माणूस टोपलीत असेच एक चांदण्यांचे कासव घेऊन बसला होता. मला त्याची दया आली. सासूबाईंनाही आली. त्यांनी कनवटीचे पैसे काढून ते विकत घेतले आणि आम्ही दोघींनी ते देवळाच्या बारवेत सोडून दिले. पाण्याचा जीव पाण्यात गेला म्हणून हात जोडले, घरी येऊन गोडाचे केले. तिसऱ्या दिवशी गुरव सांगत आला, "आई, तुमचं कासव वर तरंगतंय."

ते का मेले हे मला पुढे कितीतरी वर्षे कळले नव्हते. चांदणी कासव हे पाण्यातले कासव नव्हेच! ते जमिनीवर राहणारे, माळरानात गवत खाणारे. त्याचे पाय पाहा, खांबासारखे जाड आणि ओबडधोबड. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये असतो तसा पडदा त्याला नाही. खोल पाण्यात ते दमते आणि बुडते. आम्ही त्याला सोडवले असे समजत होतो, आणि प्रत्यक्षात बुडवले होते.

आजही विहिरीत, तळ्यात, नदीच्या घाटावर अशी कासवे पुण्य म्हणून सोडली जातात. तुमच्या ओळखीत कुणी असे करणार असेल तर कृपा करून तिचा हात धरा.

"घरची लक्ष्मी बाहेर काढायची नसते"

दोन दिवस आम्ही वन्संच्या सांगण्याप्रमाणे दूध-पोळी कुस्करून ठेवली. लक्ष्मी थोडे खाई. कुबेर कोपऱ्यात भिंतीला डोके लावून बसे. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या धाकटीने मात्र पहिल्याच दिवशी बजावले, "आई, ही पाळता येत नाहीत. गुन्हा आहे तो."

तिचे खरे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चांदणी कासव पकडायला, विकायला, विकत घ्यायला आणि घरात ठेवायला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहे. २०१९ पासून या कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. तुम्ही म्हणाल, एका कासवासाठी एवढे कायदे? अहो, एक कुठले! भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षभरात किमान ५५ हजार चांदणी कासवे रानातून उचलली गेली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे. आपल्या दिवाणखान्यातली जोडी त्यातलीच असते.

हे ऐकून आमच्या 'ह्यां'चा चेहरा उतरला. "म्हणजे आता आपण आरोपी?" सासूबाईंचे दुःख वेगळेच. "घरची लक्ष्मी अशी बाहेर काढू नये गं," त्या पुनःपुन्हा म्हणत राहिल्या. मी काहीच बोलले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, "त्या बारवेतल्यासारखं नको व्हायला. कुणी जाणतं माणूस असेल त्याच्याकडेच दे." एवढ्या वर्षांत त्यांनी बारवेचा विषय पहिल्यांदा काढला होता.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. माणसे आली, पंचनामा झाला, आमचे जबाब लिहून घेतले. मनात धाकधूक होतीच. पण लपवून ठेवण्यापेक्षा किंवा रात्री कुठेतरी नेऊन टाकण्यापेक्षा स्वतःहून कळवणे केव्हाही बरे. लक्ष्मी आणि कुबेर आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या एका उपचार केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "रविवारी पाला निवडायला याल का? आम्हाला हात हवे आहेत." गेले वर्षभर मी जाते आहे. पुढे सांगते ते सारे तिथे पाहिलेले आणि डॉक्टरीणबाईंनी समजावलेले.

लाडाने झालेले आजार

पहिल्या दिवशी दोघांचे वजन झाले आणि मग खरी हकीगत कळली. कुबेराची पाठ बोटाने दाबली तर किंचित दबत होती. कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेले झाकण नव्हे, बरं का. ते त्याचे हाडच. कणा आणि बरगड्या त्या कवचालाच जोडलेल्या असतात. त्या हाडाला चुना लागतो आणि तो चुना अंगी लागायला ऊन लागते. वन्सं रोज सकाळी जोडी खिडकीशी ठेवत, पण काच बंद. उन्हातला जो भाग हाडांच्या कामाचा, तोच काच अडवते.

खाण्याचेही तसेच. दूध, पोळी, भात, बिस्किटे हे कासवाचे अन्न नव्हे. दूध तर त्याला पचतच नाही. रोज पालक घालणेही बरे नाही, कारण पालकातले द्रव्य चुना अंगाला लागू देत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून घसरून लक्ष्मीचे मागचे पाय फाकले होते. आपण जीव लावला, पण तो लावायचा कसा हेच ठाऊक नव्हते.

नव्या जागेची तयारी

नवी नवरी घरात आली की आपण पहिल्याच दिवशी तिच्या हातात घर सोपवत नाही. चार दिवस तिला माणसे, कोनेकोपरे, चवीढवी कळू देतो. कासवाचेही तेच. मात्र हे सासर नव्हे, माहेर आहे, आणि माहेरचेच सारे ते विसरून गेलेले असते.

आधी दोघांना इतर कासवांपासून दूर, वेगळे ठेवले. नाकातून पाणी येते का, विष्ठेत जंत आहेत का, हे काही आठवडे तपासले. एका आजारी पाहुण्याने सगळा कळप आजारी पडू शकतो. शिवाय तेव्हा थंडीचे दिवस होते आणि घरात वाढलेले जनावर थंडीत एकदम उघड्यावर टाकायचे नसते. रोज परातीत बोट-दीड बोट कोमट पाणी घेऊन त्यात त्यांना थोडा वेळ बसवत. हनुवटी पाण्याच्या वर राहील एवढेच पाणी. त्यात ती पाणी पितात आणि त्यांचे पोट साफ होते.

खाणे हळूहळू बदलले. सवयीच्या काकडीत आधी थोडा चिरलेला पाला, मग पाला जास्त आणि काकडी नावाला, शेवटी नुसता पाला. हरळी, माळावरचे गवत, तुतीची पाने, जास्वंदीची पाने नि फुले, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाचे तुकडे. चुन्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो तो समुद्रफेस ठेवला. लक्ष्मीने महिनाभर रुसून पाहिले. डॉक्टरीणबाई रोज वजन करत होत्या, म्हणून निभावले.

फेब्रुवारी संपता संपता बाहेरचा वाडगा तयार झाला. त्यातल्या खुब्या पाहण्यासारख्या आहेत.

कुंपण जाळीचे नव्हते, भिंतीचे होते. पलीकडचे दिसले की कासव दिवसभर तिथेच धडका देते आणि नाक सोलून घेते. भिंत दीड-दोन फूट उंच, पाया जमिनीत पुरलेला, कारण कासव उकरते. कोपरे गोल, कारण चौकोनी कोपऱ्यात ती एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि उलटी होतात. उन्हात उताणे पडलेले कासव स्वतःहून वळू शकले नाही तर जीव गमावते. वर जाळी, कारण कावळे, घारी, मुंगूस आणि मोकाट कुत्री. वाडग्यात अर्धी जागा उन्हाची, अर्धी सावलीची. फुटके माठ आडवे पुरलेले, कौलांचे आडोसे, गवताचे झुपके. पाण्याची उथळ परात काठापर्यंत मातीत बसवलेली, म्हणजे आत-बाहेर करता येते. आणि एका बाजूला मातीचा उंचवटा, पावसात कोरडे बसायला.

पहिले दिवस

तुम्हाला वाटेल, मोकळ्या मातीवर पाय पडल्याबरोबर लक्ष्मी आनंदाने चालू लागली असेल. छे! तिने डोके आत घेतले ते संध्याकाळपर्यंत बाहेर काढले नाही. कुबेर भिंतीच्या कडेकडेने गोल फिरत राहिला. चार दिवस दोघांनी धड खाल्ले नाही. माझा जीव खालीवर होई. उचलून मांडीवर घ्यावे, हाताने भरवावे असे वाटे.

"हात नाही लावायचा," डॉक्टरीणबाईंनी मला ठामपणे सांगितले. "तुम्ही उचललंत की त्याच्या लेखी त्याला घारीनेच उचललं."

सुरुवातीला त्यांना सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दोन तासच बाहेर ठेवत. मग दुपार वगळून दिवसभर, मग रात्रीही. खाणे रोज त्याच जागी, त्याच वेळी. जवळ बोलणे नाही, फोटोसाठी घोळका नाही. काम एकच, लांबून पाहायचे आणि वहीत लिहायचे: कुठे बसले, काय खाल्ले, विष्ठा कशी.

तेव्हा मला आपल्या संतांची कासवी आठवली. ती पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, असा दाखला कीर्तनात नेहमी ऐकतो. खरी कासवी तर अंडी मातीत पुरून निघून जाते. पण दाखल्यातले मर्म मला त्या वाडग्याशी कळले. काही जिवांची सेवा हाताने करायची नसते, नजरेने करायची असते.

रुळल्याच्या खुणा

तिसऱ्या आठवड्यात लक्ष्मी रोज रात्री एकाच माठात जाऊन झोपू लागली. ही पहिली खूण. दुसरी, दिनक्रम लागला: सकाळी ऊन खायचे, मग चरायचे, दुपारी गवतात दडायचे, उन्हे उतरली की पुन्हा बाहेर. तिसरी, तिने आपण होऊन उभे गवत तोडून खाल्ले. चौथी खूण मात्र मला थोडी लागली. मी नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले, आणि तिने मला पाहून फुस्स करून डोके आत घेतले.

"अभिनंदन," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "आता ती माणसाला भिते."

गवतात बसलेली असली की ती मला सापडतही नसे. घरी ज्या चांदण्यांचे कौतुक केले, त्या शोभेच्या नव्हेतच. गवताच्या काड्यांमधून ऊन-सावली पडते तशा त्या रेघा, शत्रूच्या नजरेतून लपण्यासाठी. फरशीवर त्यांचा अर्थ कळणार कसा?

मग जूनमध्ये पहिला पाऊस आला. योगायोगाने रविवार होता. मातीचा वास सुटला आणि मी पाहते तो लक्ष्मी माठातून निघून थेट उघड्यावर आली. आठ वर्षांत तिच्या पाठीवर पावसाचा थेंब पडला नव्हता. तिने मान लांबवली आणि खळग्यात साचलेले पाणी कितीतरी वेळ पीत राहिली. पावसाळा हा या कासवांचा फिरण्याचा आणि जोड्या जमण्याचा काळ. तो तिला कुणी शिकवला नव्हता. मी मात्र पदराने डोळे पुसत उभी होते.

मग रानात का सोडत नाहीत?

हा प्रश्न मीही विचारला. उत्तर सोपे नाही. चांदणी कासवे मुख्यतः गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत आणि पलीकडे श्रीलंकेत आढळतात. उत्तरेची आणि दक्षिणेची यांत मुळातच फरक आहे. दुकानातून आणलेल्या कासवाचे गाव कोणते, कोण सांगणार? भलत्या रानात सोडले तर वाण मिसळते, आणि घरातला रोग रानातल्या निरोगी कासवांना लागतो.

सोडतानाही थेट नेऊन ठेवत नाहीत. अमेरिकेत गोफर जातीच्या कासवांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना नव्या रानात आधी वर्षभर कुंपणात ठेवले, ती नंतर तिथेच रमली; ज्यांना तसेच सोडले, त्यांतली बरीच दूर भटकत गेली. २०१८ साली सिंगापूरहून ५१ चांदणी कासवे कर्नाटकात परत आणली, तीही याच पद्धतीने, आधी कुंपणात ठेवून. हा निर्णय वनखात्याचा आणि जाणकारांचा. आपला नव्हे.

लक्ष्मीच्या तपासण्या अजून चालू आहेत. कुबेराची हाडे आता टणक झाली आहेत, पण पाठीची घडण कायमची बिघडली. तो रानात जाणार नाही. वाडग्यातच त्याचे उरलेले आयुष्य जाईल, आणि कासवाचे आयुष्य म्हणजे काही दशके.

तुमच्या घरी कासव असेल तर

• विहीर, तळे, नदी, डोंगर, देवळाची बारव, कुठेही स्वतः सोडू नका. वनखात्याला कळवा.

• माणसे येईपर्यंत हवेशीर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुके गवत किंवा जुने कापड घालून ठेवा. जमिनीवरच्या कासवाला पाण्यात ठेवू नका. दूध-पोळी देऊ नका.

• काय खात होते, किती वर्षे होते, कुठून आणले, हे खरे खरे सांगा. उपचाराला त्याचा उपयोग होतो.

• कवचाला भोक पाडणे, रंग किंवा तेल लावणे टाळा. ते जिवंत हाड आहे, त्याला लागते.

• काचेच्या पेटीतले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव असेल, तर ते अमेरिकेतले, पाण्यातले. तेही तळ्यात सोडू नका. मोठे झाल्यावर ते आपल्याकडच्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

• दया आली म्हणून विकत घेऊ नका. आपण एक सोडवतो आणि विकणारा रानातून दोन आणतो.

• आणि शुभच हवे असेल, तर पितळेचे कासव आणा. ते परातीत पाण्यात ठेवले तरी बुडून मरत नाही.

दर रविवारी मी परतले की सासूबाई दारातच विचारतात, "माझी लक्ष्मी काय म्हणते?"

परवा मी सांगितले, "काही म्हणत नाही. मला पाहिलं आणि डोकं आत घेतलं."

"मग बरी आहे," त्या म्हणाल्या आणि देवापुढे दिवा लावायला गेल्या.